सटवाईचं अक्षर

मागच्या वर्षी माझ्या भाचीची पाचवी झाली. पाटा-वरवंट्याची पूजा झाल्यावर आजीनं शेजारी एक कोरा कागद आणि माझ्या बॅगेतलं पेन ठेवलं. "चालतंय का बघून ठेव रे, नाहीतर सटवाई यायची आणि तशीच परत जायची," ती म्हणाली. मी तळहातावर एक रेघ ओढून बघितली. पेन चालत होतं. रात्री सटवाई येते, बाळाचं नशीब लिहून जाते आणि ते लिहिलेलं कुणालाच वाचता येत नाही, अशी आमच्याकडची समजूत. सकाळी कागद कोराच होता. त्याचं कुणाला आश्चर्यही वाटलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा निम्मा दिवस लॉग वाचण्यात जातो. कुठे काय बिघडणार आहे हे आधी कळलं तर रात्री तीन वाजता फोन येत नाही, त्यामुळे माहिती जितकी जास्त तितकं बरं, यावर आमच्या धंद्याची श्रद्धाच आहे. त्या कोऱ्या कागदाकडे बघून माझ्या मनात आलं, समजा हे वाचता आलं असतं तर? मी तर लगेच वाचलं असतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन संशोधक बाईंबद्दल वाचायला लागलो आणि माझं हे उत्तर डळमळीत झालं. आपल्या शरीरातलं एक अक्षर वाचता यावं म्हणून या बाईंनी सगळी उमेद खर्च केली. ते वाचता यायला लागलं, जगभरच्या लोकांसाठी त्याची चाचणी निघाली आणि स्वतःची चाचणी मात्र त्यांनी केली नाही. असं का, हे समजून घेण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

लॉस एंजेलिस, १९६८

लिओनोर वेक्सलर त्या दिवशी सकाळी ज्युरीच्या कामासाठी कोर्टात निघाल्या होत्या. गाडी लावून रस्ता ओलांडत असताना एका पोलिसानं त्यांना हटकलं. एवढ्या सकाळी दारू पिऊन रस्त्यावर फिरायला लाज वाटत नाही का, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला. लिओनोर दारू प्यायलेल्या नव्हत्या. पण आपण झोकांड्या खात चालतोय हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्यांच्या पोटात गोळा आला. कारण अशी चाल त्यांनी आधी पाहिली होती. त्यांचे वडील असेच गेले होते. तिघे भाऊ त्याच वाटेवर होते.

त्या आजाराचं नाव हंटिंग्टन. लिओनोर स्वतः जीवशास्त्र शिकलेल्या, कोलंबिया विद्यापीठातून प्राणिशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेतलेल्या. तरीही हा आजार फक्त पुरुषांना होतो, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत होती. भावांचं निदान झालं तेव्हाही त्या स्वतःला सुरक्षित समजत होत्या.

निदान झालं आणि ऑगस्ट महिन्यात त्यांचे घटस्फोटित पती मिल्टन वेक्सलर यांनी दोन्ही मुलींना समोर बसवून सगळं सांगितलं. मिल्टन मनोविश्लेषक होते. थोरली ॲलिस इतिहासाची विद्यार्थिनी, धाकटी नॅन्सी २३ वर्षांची, मानसशास्त्राकडे वळलेली. आईचं सांगून झाल्यावर बापानं दुसरी गोष्ट सांगितली: तुम्हा दोघींनाही हा आजार होण्याची शक्यता निम्मी निम्मी आहे. नाणेफेक. दोघी बहिणींनी मूल होऊ न देण्याचं तेव्हाच ठरवून टाकलं.

आपल्याकडे घरात असं काही असलं की पहिली गोष्ट होते ती म्हणजे लपवालपवी. मुलीचं लग्न जमायचंय, लोक काय म्हणतील. तिथेही काही वेगळं नव्हतं. लिओनोरच्या माहेरीही हा विषय दाबूनच ठेवला गेला होता. मिल्टननी उलटं केलं. निदान झालं त्याच वर्षी त्यांनी पैसे आणि माणसं जमवायला सुरुवात केली, आणि त्यातून हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. आजच्या भाषेत सांगायचं तर बायकोच्या आजारावर त्यांनी स्टार्टअप काढलं.

नाव कसं पडलं

जॉर्ज हंटिंग्टन हा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरचा डॉक्टर. त्याचे वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर, आणि तिघांनी मिळून तिथल्या त्याच त्या कुटुंबांच्या पिढ्या पाहिलेल्या. १८७२ साली, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, त्यानं एक छोटासा निबंध छापला. निबंधाचा बराचसा भाग अंगाला झटके आणणाऱ्या नेहमीच्या विकारांवर होता. शेवटच्या काही परिच्छेदांत मात्र त्यानं एक वेगळा प्रकार नोंदवला. तो वारशानं येतो, तो मोठ्या वयात सुरू होतो आणि त्यात माणसाचं मनही बिघडत जातं, ही तीन लक्षणं त्यानं सांगितली. आईबापांपैकी कुणाला असेल तर मुलांना येऊ शकतो. पण एकदा एखादं मूल त्यातून सुटलं की त्याची पुढची सगळी पिढी सुटते, हेही त्यानं लिहिलं.

मेंडेलचं वाटाण्यांवरचं काम तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, ते पुढे १९०० साली लोकांच्या नजरेत आलं. म्हणजे आनुवंशिकतेचा नियम माहीत नसताना या तरुण डॉक्टरनं तो नुसत्या घरगुती निरीक्षणातून अचूक लिहून ठेवला होता. तीन पिढ्यांचा डेटा होता, एवढंच.

आजाराची तऱ्हा अशी. बहुतेकांना तो तिशी-चाळिशी उलटताना सुरू होतो. हातापायांच्या, चेहऱ्याच्या हालचाली आपल्या ताब्यात राहत नाहीत. वस्तू हातून निसटतात, चाल वेडीवाकडी होते. स्वभाव बदलतो, चिडचिड, नैराश्य येतं, विचारांचा धागा तुटतो. मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम नावाच्या भागातल्या पेशी मरत जातात. पुढे बोलणं जातं, गिळणं जातं. साधारण पंधरा-वीस वर्षांत माणूस संपतो. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं वेळापत्रक. लक्षणं दिसेपर्यंत लग्न झालेलं असतं, मुलं झालेली असतात, आणि नाणं पुढच्या पिढीत फेकून झालेलं असतं.

अमेरिकेत या आजाराला चेहरा मिळाला तो वुडी गथ्री या लोकगायकामुळे. तो १९६७ साली यातच गेला, आणि त्याची पूर्वीची बायको मार्जरी गथ्री हिनं रुग्णांच्या कुटुंबांची संघटना उभी केली. वेक्सलर कुटुंबाला पहिली वाट तिनंच दाखवली.

नॅन्सीनं १९७४ मध्ये मिशिगन विद्यापीठातून क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी घेतली. विषय होता, हंटिंग्टनची टांगती तलवार डोक्यावर असलेली माणसं जगतात कशी. आपल्याच परिस्थितीवर प्रबंध. नंतर अमेरिकन संसदेनं या आजारासाठी एक आयोग नेमला, त्याची ती कार्यकारी संचालक झाली. तिनं रेण्वीय जीवशास्त्र कॉलेजात शिकलेलं नव्हतं; ते ती बैठकांमध्ये बसून, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारून शिकली. १९७८ मध्ये, अमेरिकेतल्या मदर्स डेच्या दिवशी, तिची आई गेली.

माराकाइबोचं सरोवर

व्हेनेझुएलाच्या वायव्येला माराकाइबो नावाचं अफाट सरोवर आहे. काठावर तेलाच्या विहिरी, आणि त्यांच्या सावलीत कोळ्यांची गरीब गावं. १९५० च्या दशकात आमेरिको नेग्रेते हा तरुण डॉक्टर तिथल्या सान लुइस वस्तीत काम करायला आला. रस्त्यावर माणसं लडखडताना दिसली तेव्हा त्यालाही वाटलं, किती ही दारू. स्थानिकांनी त्याला सांगितलं की ही माणसं प्यायलेली नाहीत, आजारी आहेत. नेग्रेते घरोघर फिरला, वंशावळी मांडल्या, हा हंटिंग्टनच आहे हे ओळखलं आणि १९६३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

लॉस एंजेलिसचा पोलीस आणि सान लुइसचा डॉक्टर, दोघांचा पहिला अंदाज एकच होता. फरक इतकाच, की डॉक्टरनं नंतर विचारलं.

१९७२ मध्ये, हंटिंग्टनच्या निबंधाला शंभर वर्षं झाली म्हणून अमेरिकेत परिषद भरली. तिथे रामोन आविला हिरोन या व्हेनेझुएलन डॉक्टरनं या गावांची फिल्म दाखवली. एकाच ठिकाणी इतके रुग्ण जगात कुणी पाहिले नव्हते. ती गोष्ट नॅन्सीच्या डोक्यात राहिली आणि १९७९ मध्ये ती तिथे जाऊन आली. १९८१ पासून तिची टीम दरवर्षी जायला लागली, ती वीसहून जास्त वर्षं.

सुरुवातीचा हेतू वेगळा होता. कोलेस्टेरॉलच्या एका आनुवंशिक आजारात, आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला जीन मिळालेल्या मुलांच्या अभ्यासातून मोठा शोध लागला होता. हंटिंग्टनमध्येही असा दुहेरी वारसा मिळालेला माणूस सापडला तर मूळ बिघाड दिसेल, असा विचार होता. असा माणूस सापडायचा तर दोन रुग्णांचं एकमेकांशी लग्न झालेलं हवं. माराकाइबोच्या काठावर तशी लग्नं होती. (पुढे १९८७ मध्ये उत्तर आलं, तेही चकित करणारं. दुहेरी वारसा असलेल्यांचा आजार इतरांपेक्षा वेगळा दिसत नव्हता. बिघडलेली एक प्रत पुरेशी होती.)

लागुनेतास नावाचं एक गाव पाण्यातच खांबांवर उभं होतं. तिथे होडीनंच जावं लागे. टीमचं काम काय, तर झोपड्यांपुढे बसायचं, कोण कुणाचा मुलगा, कुणाचा बाप कोण हे विचारायचं, तपासायचं, रक्त घ्यायचं. गावात एकाच नावाची दहा माणसं, बोलायला तयार नसलेल्या बायका, सावत्र नात्यांचा गुंता. वंशावळ वाढत वाढत एका बाईपाशी पोचली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे राहिलेली मारिया कन्सेप्सिओन. तिच्या खाली दहा पिढ्या, १८,००० हून जास्त माणसं. रक्ताचे ४,००० हून जास्त नमुने. कोलंबिया विद्यापीठात नॅन्सीच्या ऑफिसबाहेर ही वंशावळ भिंतभर पसरली होती.

लोक रक्त का देतील? त्यांना वाटे, हा आजार फक्त आपल्याच गावांना मिळालेला शाप आहे. अमेरिकन माणसांना तो होतो यावर त्यांचा विश्वास बसेना. मग नॅन्सीनं सांगितलं की माझी आई यातच गेली, मलाही होऊ शकतो. संशोधनासाठी तिच्या दंडाच्या कातडीचाही छोटा तुकडा काढलेला होता. टीममधली एक नर्स तिचा हात धरून गर्दीत फिरली आणि तो व्रण तिनं सगळ्यांना दाखवला. बघा, हिनंही दिलंय.

बारा खुणा

आता थोडं तंत्र. आपल्या डीएनएत अंदाजे तीनशे कोटी अक्षरं आहेत. १९७९ मध्ये ती वाचण्याचं यंत्र नव्हतं, कोणता जीन कुठे आहे याचा नकाशाही नव्हता. एवढ्या मोठ्या कोडबेसमध्ये एक बग आहे, ओळ माहीत नाही, फाइल माहीत नाही, सर्च चालत नाही. काय कराल?

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फाउंडेशननं एक कार्यशाळा भरवली. मिल्टनच्या कार्यशाळांची एक पद्धत होती. तरुण शास्त्रज्ञ बोलवायचे, तयार भाषणं नकोत, स्लाइड नकोत, नुसत्या मोकळ्या गप्पा. यावेळी चर्चेत एक नवी कल्पना होती. डीएनए विशिष्ट अक्षरांपाशी कापणारी काही एन्झाइम असतात. माणसामाणसांत अक्षरांचे बारीक फरक असल्यामुळे एकाच जागी कुणाचा तुकडा लांब निघतो, कुणाचा आखूड. हा फरक म्हणजे रस्त्यावरचा मैलाचा दगड. एखाद्या कुटुंबात आजार आणि दगडाचा एक विशिष्ट प्रकार पिढ्यान् पिढ्या जोडीनं उतरत असेल, तर बिघडलेला जीन त्या दगडाच्या जवळपास आहे. आम्ही गिटमध्ये बायसेक्ट करून बग कुठल्या बदलापासून आला ते शोधतो, त्याचीच ही आजी म्हणायला हरकत नाही. फक्त इथे इतिहास कॉम्प्युटरवर साठवलेला नव्हता. तो माणसांच्या रक्तात होता, आणि त्यासाठी शेकडो नातेवाइकांचं एकच प्रचंड कुटुंब हवं होतं.

एमआयटीचे डेव्हिड हाउसमन या कल्पनेनं भारावले होते. अनेकांना मात्र ही गवताच्या गंजीत सुई शोधण्याची गोष्ट वाटली. मैलाचे दगड जेमतेम ठाऊक, शेकडो लागतील, किती वर्षं जातील देव जाणे. हाउसमनचा विद्यार्थी जेम्स गुसेला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये कामाला लागला. एकेक खूण घ्यायची, कुटुंबांच्या नमुन्यांवर तपासायची.

पहिल्या डझनभर खुणांमध्येच तो सापडला.

‘जी-८’ नावाची खूण आणि हंटिंग्टन, माराकाइबोच्या कुटुंबात हातात हात घालून उतरत होते. हा योगायोग नसण्याची शक्यता किती, याचा आकडा या शास्त्रात काढतात; हजारास एक असेल तर शोध मान्य. इथे तो दहा कोटींस एकच्याही पुढे गेला होता. खूण चार नंबरच्या गुणसूत्रावर होती. नोव्हेंबर १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये पेपर आला. एखाद्या आजाराबद्दल काहीही जैवरासायनिक माहिती नसताना, नुसत्या अशा खुणांवरून त्याच्या जीनचा पत्ता लागल्याचं हे पहिलं मोठं उदाहरण. लोक गुसेलाला ‘नशीबवान जिम’ म्हणायला लागले.

नशीब होतंच. पण खोलीत बसून बारा खुणा तपासणारा एकटा जिम नशीबवान ठरला तो सरोवराकाठी दारोदार फिरून गोळा केलेल्या त्या नमुन्यांमुळे. अमेरिकेतल्या कुटुंबाच्या नमुन्यांनी फक्त अंधूक इशारा दिला होता. शिक्कामोर्तब व्हेनेझुएलाच्या रक्तानं झालं.

दहा वर्षं

गल्ली कळली, आता घर सापडायला कितीसा वेळ, असं सगळ्यांना वाटलं. लागली दहा वर्षं. काही पुरावे सांगत होते की जीन गुणसूत्राच्या अगदी टोकाला आहे, काही सांगत होते की थोडा आत. बरेच जण टोकाकडे धावले आणि तो आत निघाला.

या दहा वर्षांत फाउंडेशननं एक अवघड गोष्ट जमवली. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या सहा प्रयोगशाळा, अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या, एकत्र बांधल्या. नमुने वाटून घ्यायचे, निष्कर्ष छापण्याआधीच एकमेकांना सांगायचे. ज्यांनी ऑफिसात दोन टीममध्ये एक डॉक्युमेंट शेअर करून घेतलंय, त्यांना याची किंमत कळेल. भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले, नॅन्सी मध्यस्थी करत राहिली. मार्च १९९३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात जीनचा पेपर आला तेव्हा शीर्षकाखाली कुणा एकाचं नाव नव्हतं, गटाचं होतं. ५८ शास्त्रज्ञ.

बिघाड काय होता? डीएनएत सी-ए-जी ही तीन अक्षरं एका ठिकाणी लागोपाठ येतात: सीएजी, सीएजी, सीएजी. बहुतेकांमध्ये ही आवर्तनं ३५ पर्यंत किंवा बरीच कमी असतात. ४० किंवा त्याहून जास्त झाली, आणि माणूस पुरेसा जगला, तर आजार होतोच. ३६ ते ३९ ही मधली करडी पट्टी, होईल किंवा न होईल. एक लूप गरजेपेक्षा जास्त वेळा फिरतो आणि त्यातून तयार होणाऱ्या ‘हंटिंग्टिन’ नावाच्या प्रथिनाला नको इतकी लांब शेपूट येते. आवर्तनं जितकी जास्त, तितका आजार साधारणपणे लवकर. साठच्या पुढे गेली तर अनेकदा लहानपणीच. बापाकडून मुलाकडे जाताना हा आकडा वाढू शकतो, म्हणून काही घरांत नातवाला आजोबांपेक्षा कितीतरी आधी आजार होतो.

पण हा आकडा म्हणजे घड्याळ नव्हे. २००४ मध्ये व्हेनेझुएलाच्या कुटुंबांवरूनच नॅन्सी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकसारखा आकडा असलेल्या माणसांतही आजार सुरू होण्याच्या वयात खूप तफावत असते, आणि तिच्यामागे इतर जीन आणि परिस्थिती दोन्ही असतात. बहुतेक रुग्णांचा आकडा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान असतो, आणि नेमकं तिथेच भाकीत सैल पडतं. सटवाईनं लिहिलंय खरं, पण तारीख घालायला ती विसरलीय.

वाचायचं की नाही

आपण आता मूळ प्रश्नाकडे आलो. १९८६ पासून कुटुंबाच्या नमुन्यांवरून भाकीत करणारी चाचणी सुरू झाली, १९९३ नंतर तर थेट आकडाच मोजता यायला लागला. त्याआधीच्या पाहण्यांत धोका असलेले बहुसंख्य लोक म्हणत होते, चाचणी आली की आम्ही करणार. ती प्रत्यक्षात आल्यावर करायला आलेले बहुतेक देशांत दहा-वीस टक्क्यांच्या आसपास.

मला हा आकडा पहिल्यांदा खोटा वाटला. नंतर मी स्वतःला तिथे ठेवून बघितलं. उद्या रिपोर्ट आला की आकडा ४३ आहे. मग? आजार थांबवणारं औषध नाही. कधी सुरू होणार माहीत नाही. हातून कप पडला की, नाव आठवलं नाही की, सुरुवात झाली असं वाटणार. आमच्याकडे ज्या अलर्टवर काहीच कृती करता येत नाही तो बंद करून टाकतात, कारण तो नुसती झोप उडवतो. हे मी रोज करतो, आणि तरीही मला वाटत होतं की माहिती कधीही जास्त होत नाही.

शिवाय ही माहिती एकट्याची नसते. समजा आजोबांना आजार होता, वडिलांना चाचणी करायची नाही आणि नातवानं केली. नातवाचा आकडा वाईट आला तर वडिलांचंही भविष्य त्यांना न विचारता उघडं पडलं. आणि ज्यांचा निकाल चांगला येतो त्यांचंही सगळं सुरळीत होत नाही. भाऊ अडकला आणि मी सुटलो, हे ओझं अनेकांना पेलत नाही.

नॅन्सीला हे आतून माहीत होतं. म्हणून चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन असलंच पाहिजे, निकाल फोनवर सांगायचा नाही, कुणावर जबरदस्ती करायची नाही, यासाठी ती झगडत राहिली. मानवी जीनोम प्रकल्पात नैतिक, कायदेशीर आणि सामाजिक प्रश्नांसाठी जो गट नेमला गेला, त्याची ती पहिली अध्यक्ष होती. जीनच्या माहितीवरून नोकरी किंवा आरोग्य विमा नाकारायला बंदी घालणारा कायदा अमेरिकेत २००८ मध्ये झाला. आयुर्विमा त्यातही सुटलाच.

आणि तिनं स्वतः? दोघी बहिणींनी आणि वडिलांनी चाचणी दाराशी आल्यावर पुन्हा बसून विचार केला. तिनं न करण्याचं ठरवलं. पत्रकार दर मुलाखतीत विचारत, ती टाळत असे. कारण तिचं उत्तर काहीही असलं तरी इतरांना वाटलं असतं की हेच बरोबर उत्तर.

देणं

या कथेत मला एक गोष्ट सतत टोचत राहिली. रक्त माराकाइबोचं, पेपर बॉस्टनचा. त्या रक्तातून निघालेली चाचणी अमेरिकेत, युरोपात पोचली. बारांकितासच्या कोळ्याला काय मिळालं?

नॅन्सीनं हा प्रश्न झटकला नाही. टीमबरोबर डॉक्टर, औषधं, कपडे, खाणं जात असे. १९९९ मध्ये फाउंडेशनच्या मदतीनं तिथे रुग्णांसाठी घर आणि दवाखाना उभा राहिला. पण पुढे देशच कोसळत गेला. तो दवाखानाही टिकला नाही. आणि आजार थांबवणारं औषध आलं नसल्यामुळे देणं फेडायला हातात फारसं काही नव्हतंच. २०२१ मध्ये ज्या औषधावर खूप आशा होती त्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. हालचाली कमी करणारी औषधं आहेत. मूळ बिघाडावर जीन थेरपीसारखे प्रयत्न चालू आहेत.

२०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये हंटिंग्टनच्या रुग्णांना भेटायला बोलावलं, त्यात दक्षिण अमेरिकेतली कुटुंबंही होती. आता हा आजार लपवायचा नाही, असं त्या कार्यक्रमाचं सांगणं होतं. हे ऐकायला सोपं आहे. ज्याच्या अंगातून तो जातोय त्याला सोपं नाही.

मार्च २०२०. नॅन्सी ७४ वर्षांची होती. तिच्या हालचाली, तिचं बोलणं बदलत चाललंय हे जवळच्यांना काही वर्षं दिसत होतं; कुणी विचारत नव्हतं. तिनं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितलं की मला हंटिंग्टन आहे. जगाला लपवू नका म्हणणाऱ्या माणसानं स्वतः लपवत राहू नये, असं तिला वाटलं.

चाचणी तिनं तेव्हाही केलेली नव्हती. गरजच नव्हती, शरीरानं वाचून दाखवलं होतं.

मी हिशेब करून बघितला. बापानं सांगितलं तेव्हा ती २३ वर्षांची होती. म्हणजे मधली पन्नास वर्षं. त्यातली शेवटची तीस-पस्तीस तर अशी, की उत्तर एका सुईच्या अंतरावर होतं. चाचणी करून आकडा वाईट आला असता तर ती दरवर्षी त्या सरोवरावर गेली असती का? कदाचित गेली असतीच. चाचणी करणाऱ्यांनी चूक केली असंही मला म्हणता येत नाही. कुणाला मुलं व्हायची असतात, कुणाला फक्त अनिश्चितता सहन होत नाही. माझ्यापुरतं एवढंच झालंय, की कागद वाचता आला असता तर मी लगेच वाचला असता, हे वाक्य मी आता पूर्वीसारखं ठामपणे म्हणत नाही.

भाची आता वर्षाची होत आली. त्या रात्रीचा कागद आजीनं घडी घालून तिच्या कपड्यांच्या डब्यात ठेवलाय. पेन मी परत घेतलं, ऑफिसात वापरतो.